बील घेतला, वर दोन फर्स्ट: एका ट्रेडचे पाच दिवस

आमच्या बारा जणांच्या फॅन्टसी लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ चालवायचा खेळ) एनबीएचे, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगचे, खरे पगार धरतात. म्हणजे खेळाडू चांगला असून भागत नाही, तो परवडावाही लागतो.

2025 च्या जानेवारीअखेर नाशिकच्या मित्राला ब्रॅडली बील नकोसा झाला. पगार 50.2 मिलियन डॉलर, पुढे आणखी दोन वर्षं, आणि शेवटच्या वर्षाचे 57 मिलियन घ्यायचे की नाही हे बीलच ठरवणार. माझ्याकडे ब्रूस ब्राउन (23) आणि डँजेलो रसेल (18.7), दोघांचे करार त्याच सीझनला संपणारे. मित्र म्हणाला, "हे दोघं दे, बील घे, वर दोन फर्स्ट देतो, 2027 चं आणि 2029 चं." (फर्स्ट म्हणजे ड्राफ्टमध्ये, नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या फेरीत निवडायचा हक्क, म्हणजेच फर्स्ट राउंड पिक.)

मी बीलला खेळाडू म्हणून मोजलंच नाही. उरलेल्या दोन वर्षांचं 110 मिलियनचं ओझं उचलायची हमाली किती, एवढाच हिशोब केला. त्याची टीम म्हातारी, त्यामुळे लांबची पिक्स सोन्यासारखी. 2013 मध्ये ब्रुकलिनने गार्नेट-पियर्स या वयस्क स्टार्सपायी अशीच पिक्स वाटली आणि बॉस्टनला त्यातून जेलन ब्राउन आणि टेटम हे स्टार मिळाले. (घरी फोनवर "2029 चं पिक" म्हटलं की बाबांना मी शेतीचं बोलतोय असं वाटतं.) पगार जुळवणं मिनिटात झालं: जाणाऱ्या 41.7 चे 125 टक्के 52.1, त्यात येणारा बील बसतो.

शनिवारी फॉर्म भरला. रविवारी सकाळी पोहे खाताना डॅलसचा सुपरस्टार लुका डॉन्चिच लेकर्सला गेल्याची बातमी आली आणि ट्रेड मंजूर करणारे आमचे कमिशनर दादा गायबच झाले. ग्रुपवर दिवसभर मीम्स, माझा ट्रेड 'प्रलंबित'. वर मित्र फिरला: "लुकाच्या ट्रेडमध्ये एकच फर्स्ट, मग मी बीलबरोबर दोन का देऊ?" अरे बाबा, त्या ट्रेडमध्ये डॅलसला अँथनी डेव्हिसही मिळाला! त्याला समजावण्यात सोमवार गेला.

मंगळवारी उत्तर आलं: नामंजूर. कारण? "प्रोटेक्शनचा रकाना बघ." बस, एवढंच. (प्रोटेक्शन म्हणजे पिक ठरावीक पहिल्या नंबरांत आलं तर ते देणाऱ्याकडेच राहतं.)

बुधवारी तीनदा फोन केला, उचलला नाही. गुरुवारी रात्री अकराला दादा सापडले. डेडलाइन रात्री दीडची, तिकडची दुपारी तीन.

"दादा, चूक काय ते तरी सांगा."

"2027 चं पिक टॉप-3 प्रोटेक्टेड लिहिलंयस. पहिल्या तिनात आलं तर 2028 ला सरकणार ना?"

"हो."

"आणि 2029 चंही देतोय तो. मग सलग दोन वर्षं फर्स्ट नाही. स्टेपियन रूल!"

क्लीव्हलँडच्या टेड स्टेपियनने ऐंशीच्या दशकात फर्स्ट राउंड पिक्स उधळली, म्हणून एनबीएने हा नियम केला: सलग दोन वर्षं फर्स्टशिवाय राहायचं नाही. तो माझ्या मानगुटीवर चाळीस वर्षांनी बसला. दादांचं बरोबर होतं, हेच जास्त झोंबलं. शनिवारीच सांगितलं असतं तर?

तोडगा मला लेकर्सच्या वेस्टब्रुक ट्रेडमध्ये सापडला. 2023 मध्ये त्यांनी युटाला 2027 चं फर्स्ट टॉप-4 प्रोटेक्शन लावून दिलं, पण ते पुढे सरकत नाही. पहिल्या चारात आलं तर त्याच वर्षीचं सेकंड राउंड पिक द्यायचं. मी तीच ओळ उचलली, फक्त चारच्या जागी तीन. मित्राला झोपेतून उठवून "हो" टाइप करायला लावलं. 12:50 ला मंजूर.

हे आधीच सांगायला हवं होतं: पिक मागताना "नाही मिळालं तर काय" हे आधी लिहून घ्या, मग आकड्यांकडे वळा. आणि फॉर्म रविवारच्या आत भरू नका, म्हणजे... निदान लुका विकला जातोय त्या आठवड्यात तरी.

जुलैत बीलच्या खऱ्या टीमने, फिनिक्सने, त्याचा बायआउट केला (पैसे देऊन करार मोडला), तो क्लिपर्सकडे गेला. आमच्या नियमात पगार नव्या कराराप्रमाणे धरतात, म्हणजे माझे 53 मिलियन एका रात्रीत पाचच्या आसपास आले. मित्राचा मेसेज आला, "माझं 2029 परत दे."