तेरा दाणे

तोक्योच्या किता-कु भागात लाल विटांचं एक वाचनालय आहे. १९१९ साली ही इमारत लष्कराच्या शस्त्रनिर्मितीसाठी बांधली होती. आता तिथे शाळकरी मुलं अभ्यास करतात आणि एका कोपऱ्यात जपानी साहित्याचे अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कीन यांच्या संग्रहातली पुस्तकं आहेत. माझा शनिवार बहुतेक तिथेच जातो.

कीन न्यूयॉर्कचे. १९४० मध्ये टाइम्स स्क्वेअरजवळ ‘गेंजी’ या जुन्या जपानी कादंबरीचा इंग्रजी अनुवाद ४९ सेंटला मिळाला, म्हणून घेतला. युद्ध पेटल्यावर अमेरिकी नौदलाच्या भाषाशाळेत ते जपानी शिकले आणि हवाईत त्यांच्यासमोर येऊन पडल्या मेलेल्या जपानी सैनिकांच्या डायऱ्या. रक्ताचे डाग पडलेल्या, वास मारणाऱ्या. एकात नववर्षाच्या दिवसाची नोंद होती : माणसं सात, खायला तेरा दाणे, ते वाटून खाल्ले. काहींच्या शेवटच्या पानावर इंग्रजीत विनंती असे, युद्ध संपल्यावर ही वही माझ्या घरी पोचवा. कीन यांनी अशा काही वह्या परत देण्यासाठी लपवून ठेवल्या, पण त्या सापडल्या आणि जप्त झाल्या. त्याची रुखरुख त्यांना जन्मभर राहिली.

ज्यांना शत्रू म्हणून वाचायचं, त्यांच्याशीच या माणसाचा जीव जडला. पुढे कोलंबिया विद्यापीठात शिकवताना त्यांनी जपानी साहित्याचा भलाथोरला इतिहास लिहिला, हजार वर्षांच्या जपानी रोजनिश्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. २०११ च्या भूकंपानंतर अनेक परदेशी लोक जपान सोडून जात होते, तेव्हा हे कायमचे राहायला आले. २०१२ मध्ये, नव्वदीला टेकलेले असताना, जपानचे नागरिक झाले. २०१९ मध्ये गेले. निशिगाहाराच्या मुर्योजी देवळात त्यांची समाधी आहे. दगडावर पिवळा कुत्रा कोरलाय, कारण ‘की’ म्हणजे पिवळा, ‘इनु’ म्हणजे कुत्रा, आणि जोडून म्हटलं की ‘कीन’सारखं ऐकू येतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिथे बराच वेळ उभी राहिले.

मी पुण्यात जपानी शिकले, परीक्षा दिल्या, इथे ऑफिसात दिवसभर वाचते. पण ते सगळं छापील. घाईत, एकात एक गुंतवून लिहिलेलं हस्ताक्षर समोर आलं की अजून अडते. कीन विशीत ते वाचत होते. आपल्याकडे मोडीचं होतं ना, तसंच.

आई, मे महिन्यात येतेय. माळ्यावरच्या ट्रंकेतले पणजोबांचे मोडीतले कागद तेवढे खाली काढून ठेव. ऊन दाखव त्यांना. यावेळी मोडी वाचता येणारं कुणीतरी शोधून, शेजारी बसून शिकणार आहे.