डावा गिरो अखेर फिरला: माएस्त्रा गेल्यानंतरची प्राक्तिका

मंडळी, अर्जेंटाइन टँगोतला, क्लोज एम्ब्रेसमधला (छातीला छाती टेकलेल्या मिठीतला) डावा गिरो बसला! गिरो म्हणजे नाच पुढे नेणाऱ्या लीडरभोवती त्याच्या जोडीदार फॉलोअरने फिरायचं वर्तुळ. या रविवारी आपल्या प्राक्तिकात, म्हणजे सरावाच्या बैठकीत, दि सार्लीच्या वाद्यवृंदाच्या तांदामध्ये (सलग वाजणाऱ्या गाण्यांच्या गटात), मिठी न सोडता, फॉलोअरची मागची पायरी न तुटता, पूर्ण वर्तुळ. एकाच जोडीचं नाही, रोंदातल्या, म्हणजे हॉलभोवती एका दिशेने नाचत जाणाऱ्या जोड्यांतल्या, बहुतेकांचं. मी कडेला उभी राहून बघत होते आणि मला अक्षरशः टाळ्या पिटाव्याशा वाटत होत्या. कोर्तिना (दोन तांदांमधला संगीताचा तुकडा) लागल्यावर पिटल्याच.

मागच्या अपडेटमध्ये सूर बराच निराश होता. ब्युनोस आयर्सहून आलेल्या माएस्त्रा, म्हणजे आपल्या शिक्षिका, पुण्यात होत्या तोवर सगळ्यांचे गिरो लोण्यासारखे फिरत होते. त्या विमानात बसल्या आणि आमचा गिरो पुन्हा पहिल्यासारखा: फॉलोअर बाहेर फेकली जातेय, लीडर खांद्याने ओढतोय, दोघंही एका बाजूला कलतायत. ‘त्यांच्या हाताखाली जमतं, एरवी नाही’ असं जो तो म्हणायला लागला होता. मला ते पटत नव्हतं. आपल्याला आधार देऊन गिरो करून घेणारी बाई नव्हती ती. मिठीत घेतल्यावर त्या जवळजवळ काहीच करायच्या नाहीत, आणि तरीही आपण फिरायचो. त्या नेमकं काय करत नव्हत्या, ते शोधायचं होतं.

क्रम सगळ्यांना पाठ आहे: पुढे, बाजूला, मागे, बाजूला. पुढची पायरी स्लो, बाजूची स्लो, मग मागे-बाजू क्विक-क्विक. आमचं घोडं कायम त्या मागच्या पायरीवर अडायचं. तिथे फॉलोअरचं कंबरेखालचं अंग वळायला हवं आणि छाती लीडरकडेच राहायला हवी. आमच्याकडे पाय मागे जाण्याऐवजी तिरका बाहेर पडायचा, पायरी आखूड व्हायची, आणि त्यानंतरच्या बाजूच्या पायरीला लीडरला धावत पोचावं लागायचं. एकदा लीडर हलला की वर्तुळाचा मध्यच हलला, मग कसला गिरो!

आधी सगळा संशय फॉलोअर्सवर. म्हणून खुर्चीचा व्यायाम: मधे खुर्ची, तिच्या पाठीवर दोन बोटं टेकवायची आणि तिच्याभोवती पायऱ्या घालायच्या. खुर्चीभोवती सगळ्यांचं सुरेख जमलं. म्हणजे फॉलोअर्सना मागची पायरी येत होती. मग जमीन बदलून पाहिली. आपल्या हॉलच्या गुळगुळीत टाइल्सवर पिव्हट (एका पायावर वळणं) जास्तच होतो हे खरं, पण लाकडी फरशीवरही तीच रड. (हॉलवर टाल्कम पावडर टाकणाऱ्यांना पुन्हा एकदा हात जोडून विनंती: नका टाकू. एक जण सुखाने फिरतो, बाकीचे घसरतात.)

उत्तर मिळालं ते भूमिका बदलल्यावर. हा माएस्त्रांचाच हट्ट होता: वर्गाचा अर्धा वेळ प्रत्येकाने उलट भूमिकेत नाचायचं. त्या असताना आपण ते आदराने केलं, त्या गेल्यावर हळूच सोडून दिलं. परवा मी लीड करत होते आणि आपल्यातला एक जुना, अनुभवी लीडर फॉलो करत होता. मागच्या पायरीला तो मधेच थांबला आणि म्हणाला, “ताई, तुमचा उजवा हात बघा.” बघितलं. वळताना माझा तळवा त्याच्या पाठीवरून खाली सरकून बरगडीखाली घट्ट रुतला होता. त्याला वळायचं होतं आणि मी त्याला जागेवर खिळवून ठेवलं होतं. मग आम्ही इतर जोड्या बघत फिरलो. गिरो सुरू झाला की जवळपास प्रत्येक लीडरचा उजवा हात तेच करत होता.

आणि मग माएस्त्रांचं एक वाक्य आठवलं, जे तेव्हा आम्ही भावनिक अर्थाने घेतलं होतं: “मला धरू नकोस, मला जागा दे.” ती शुद्ध तांत्रिक सूचना होती! मिठी सरकली पाहिजे. लीडरच्या हातात तिची पाठ सरकते, फॉलोअरचा डावा हात त्याच्या पाठीवर सरकतो. छातीचा स्पर्श तेवढा कायम. हात मोकळा ठेवला, छाती पायाच्या आधी वळवली, वजन एका पायावर शांत ठेवलं, आणि फॉलोअर आपली आपण फिरली. पहिल्यांदा झालं तेव्हा आम्ही दोघंही बोललो नाही, तसंच पुढचं वर्तुळ घेतलं.

गिरोची ही चिरफाड नवी नाही हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. १९९० च्या दशकात गुस्ताव्हो नाव्हेरा आणि फाबियान सालास हे टँगो नर्तक ब्युनोस आयर्समध्ये एकत्र सराव करत, आळीपाळीने दोन्ही भूमिका घेत, हालचालींचे तुकडे करून तपासत होते. आपल्या माएस्त्रांची मिठी त्यांच्यापेक्षा कितीतरी जवळची, मिलोंगांच्या (टँगो नाचायच्या मेळाव्यांच्या) गर्दीत घडलेली. पण शोधायची रीत तीच.

त्या आल्याने आपल्याकडे खरं काय बदललं, तर ही रीत. पूर्वी आपण व्हिडिओ बघून साकादा आणि बोलेओ अशा पायांच्या करामती गोळा करायचो. ज्याच्याकडे जास्त फिगर्स तो मोठा. आता प्राक्तिकाचा पहिला भाग नुसता चालण्यात जातो आणि कुणी कुरकुर करत नाही. काबेसेओ (नजरेने आणि मानेने खुणावून नाचायला बोलावणं) रुळतोय. मुंबईहून येणारी मंडळी आणि आपण पूर्वी दोन कोपऱ्यांत नाचायचो, आता रोंदा एकच असते. एका बाबतीत मात्र मी ठाम आहे: ‘माएस्त्रा असं करत नसत’ हा युक्तिवाद प्राक्तिकात नको. त्यांनी स्वतः प्रत्येक उंचीच्या माणसाबरोबर वेगळी मिठी घेतली होती.

बुटांबद्दल विचारणा झाली होती. अर्जेंटिनाहून महागडे जोड मागवायची घाई करू नका. जुन्या चामडी बुटांना गल्लीतल्या चप्पलदुरुस्तीवाल्या काकांकडून स्वेडचा सोल लावून घ्या. टाच घट्ट बसते ना, पट्टा घोट्याला काचत नाही ना, एवढं बघा. आपल्या टाइल्सवर स्वेडच चालतो. गुळगुळीत चामडं अजिबात नको.

पुढचा बेत असा होता की महिनाभर फक्त दि सार्ली, त्यातही १९५० च्या दशकातली संथ रेकॉर्डिंग्ज, म्हणजे मागच्या पायरीला पुरेसा वेळ मिळेल. पण लिहिता लिहिता वाटतंय, हे उलट करावं. दि सार्लीच्या लांब, वाहत्या व्हायोलिन्समध्ये अडकलेला हात लपून जातो. थोडं ओढून घेतलं तरी भागतं. दारिएन्सोच्या वाद्यवृंदाच्या संगीतात भागणार नाही. १९३५ च्या अखेरीस बियाजी त्या वाद्यवृंदात पियानोवर आला, त्यानंतरचा तो कडक, टोकदार ठेका! मागे-बाजूचं क्विक-क्विक तिथे चुकलं की लगेच कळतं. तर ठरलं: चालणं दि सार्लीवर, गिरोची परीक्षा दारिएन्सोवर. वाल्सही घेऊ. तीन मात्रांमध्ये गिरो स्वतःच फिरायला मागतो, आणि नवख्यांना तिथे तो लवकर सापडेल असं मला आता वाटू लागलंय. उजवा गिरो त्यानंतर. तिथे मिठीच्या बंद बाजूला (जिकडे लीडरचा उजवा हात असतो) हाताचं दुखणं आणखी वाढेल असा माझा अंदाज आहे. पुग्लिएसेचं संगीत सध्या नाही, कितीही आग्रह केलात तरी.

भूमिका-बदल आता ऐच्छिक नाही. येत्या रविवारपासून दुसरा अर्धा भाग सगळे उलट भूमिकेत. ज्यांच्याकडे दारिएन्सोच्या बियाजी-काळातल्या, १९३८ पर्यंतच्या स्वच्छ ट्रान्सफर्स (जुन्या रेकॉर्ड्सवरून केलेल्या डिजिटल फायली) असतील त्यांनी शनिवारपर्यंत कळवा. माझ्याकडच्या फायलींमध्ये खरखर इतकी आहे की पियानोच्या मधल्या जागा ऐकू येत नाहीत, आणि आपल्याला नाचायचंय ते नेमकं तिथेच.