दगड परत ठेवताना

चौदा वर्षं कोल्हापुरात सापांचे कॉल घेतोय. लोकांना वाटतं, साप पकडणं अवघड. साप दोन मिनिटांत बरणीत जातो. घाम निघतो तो भोवतीचं माणसांचं कडं मागं सरकवताना, आणि "जोडीदार राहिला असंल, त्यालाबी हुडका" म्हणणाऱ्या आजीला समजावताना. कितीदा तर मी पोचेपर्यंत धामण काठीनं ठेचलेली असते.

म्हणून पाऊस लागला की आम्ही एक रविवार काढतो. त्या दिवशी पकडायचं काही नाही. शोधायचं, बघायचं, वहीत लिहायचं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे सर, गॅरेजवाला मित्र, मी आणि यंदा चौथा एक पोरगा. शिमग्यापासून माझ्याबरोबर कॉलला येतो. धीट आहे, हात हलका आहे. मोबाइल मात्र खिशात राहत नाही.

फुलेवाडी, बालिंगा, कळे, साळवण करत गगनबावड्याच्या अलीकडं गाडी लावली. कारवीत एक हिरवा चापडा, झाडाझुडपांतला विषारी साप, सापडला. लांबूनच बघितला आणि सड्यावर चढलो.

जांभ्याचा सडा म्हणजे नुसता कातळ वाटतो. पण जून-जुलैत प्रत्येक सपाट दगडाखाली एक घर असतं. दगड उचलायची रीत मी पोरांना साप पकडण्याच्या आधी शिकवतो. समोर बसायचं, पलीकडची कड हुकानं आपल्याकडं उचलायची, म्हणजे उघडी बाजू पलीकडं राहते आणि आत जे असेल त्याच्या आणि आपल्यामध्ये दगड येतो. बोटं दगडाखाली कधीच घालायची नाहीत. बघून झालं की आतला जीव आधी बाहेर निघू द्यायचा. मग दगड त्याच खाचेत, त्याच बाजूनं टेकवायचा आणि शेवटी तो जीव कडेला सोडायचा. तो आपला आपण आत जातो. दगड अर्धा इंच जरी हलला तरी खालची ओल उडते. त्या सड्यावर आम्हाला तसे उलथून टाकलेले सात दगड दिसले. एकाच्या पोटाला पालीची दोन अंडी चिकटलेली होती, वाळून खडखडीत. ज्यांनी ही कामं केली त्यांनाही लोक निसर्गप्रेमी म्हणत असतील.

अकराच्या सुमाराला पोरानं एक रुंद दगड उचलला. रीतसर. खाली खापरखवल्या होता.

हा साप बघायला मी वर्षभर थांबतो. सहसा बाहेर दिसतच नाही, जमिनीत राहतो आणि गांडुळं खातो. याचं सगळं कुळ फक्त दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत. काळ्या अंगावर ऊन पडलं की निळं-जांभळं झळकतं. तोंड टोकदार, डोळा मोहरीपेक्षा बारीक. शेपूट मात्र तिरपी छाटल्यासारखी, खरखरीत, त्यावर मातीचं बूच बसलेलं. बिळात शिरला की मागून येणाऱ्याला तेच बूच आडवं येतं. गावात याला दुतोंड्या समजून मारतात. विष नाही, आणि हातात घेतला तरी चावत नाही, नुसतं बोटांच्या बेचक्यात डोकं खुपसत राहतो.

हातात घेतला तरी, असं लिहिलं, कारण मी घेतला. माझाच नियम मोडला. मानेचा भाग बोटांत फुगत होता, आवळत होता. सर खाली वाकून पोटाचे खवले मोजत होते. पोरगा एका हातानं दगड पेलून दुसऱ्या हातानं मोबाइल धरून उभा होता. त्यानं विचारलं, "दादा, ठेवू?"

मी न बघता "हं" म्हणालो.

फोटो झाल्यावर साप कडेला सोडला, तर तो आत जाईना. पुन्हा दगड उचलला. खाली दुसरा होता. बोटाएवढा, मधोमध चेपलेला, शेपूट अजून हलत होती. या सापांना थेट पिल्लंच होतात. त्याच मादीचं होतं की नाही, सांगता येणार नाही. आम्ही पहिल्याच सापावर इतके खिळलो होतो की चौघांपैकी एकानंही बाकीची माती नजरेखालून घातली नव्हती.

पोरगा रडवेला झाला. त्याला बोलायला माझ्याकडं तोंड नव्हतं. साप हातात घेऊन काढलेला फोटो सापाच्या उपयोगाचा कधीच नसतो, हे वर्षानुवर्षं मीच सांगत आलोय. सर म्हणाले, निदान मापं घेऊ. पट्टी काढली, मापं घेतली. परवानगीशिवाय उचलून नेता येत नाही, तिथंच ठेवला.

परतताना पाऊस धरला. अशा पावसात हे साप रस्त्यावर येतात. गगनबावडा रस्त्याला गाडीच्या उजेडात चिरडलेले चार मोजले. गॅरेजवाला म्हणाला, "भावा, हितं रोज एवढं मरत्यात, त्या एकाचं काय लावून घेतलंयस?" सर काही बोलले नाहीत. मलाही गाडीत सुचलं नाही. घरी आल्यावर सुचलं. त्या गाडीवाल्यांना कुणी विचारलं नव्हतं. मला विचारलं होतं.

वहीत रकाने आहेत: जात, वेळ, जागा, लांबी, कशाखाली, दगड कुणी ठेवला. हा शेवटचा रकाना मीच पाच वर्षांपूर्वी वाढवला. पोराचा रात्री मेसेज आला, "दादा, माझं नाव लिहा, चूक माझी हाय." लिहिलेलं नाही. माझं लिहिलं तर त्यानं बघून न ठेवल्याचं काय, आणि त्याचं लिहिलं तर माझ्या 'हं'चं काय? येत्या रविवारी तो येतो म्हणालाय. रकाना कोराच आहे.