सरांचा होमवर्क, जरा उशिरा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून ग्रुपवर मेसेज आला आणि मला पहिली आठवली ती माझी फजिती. आठवीत होतो, मराठीचा तास, धड्यात कुठेतरी 'सफर' आला आणि सरांनी विचारलं, ह्याच घराण्यातला अजून एक शब्द सांगा बघू. मी हात वर करून ओरडलो, "सफारी!" "म्हणजे काय रे?" "सर, हेडसर घालतात तो ड्रेस."

झालं, अख्खा वर्ग फुटला. पण त्या काळात हेडसर, बँकेतले साहेब, लग्नात नवरदेवाचे काका, सगळे सफारीतच असायचे, माझी काय चूक?

सर मात्र हसले नाहीत. फळ्यावर मधोमध 'सफर' लिहिलं, पुढे 'स्त्री.' (आपल्याकडे ती सफर, हिंदीत तो सफर, हे पण तेव्हाच कळलं) आणि मग धडा राहिला बाजूला. शब्द अरबी, फारसीच्या हाताला धरून मराठीत आला, मुसाफिर त्याचाच सख्खा भाऊ. आणि अरबीत ह्याच धातूचा दुसरा अर्थ उघडं करणं, चेहऱ्यावरचा पडदा काढणं, म्हणून जुने अरब पंडित म्हणायचे की माणसाचा खरा स्वभाव उघडा पाडते ती सफर. हे काही खोटं नाही, त्या वर्षी आपल्या ट्रिपची गाडी रात्री बंद पडली तेव्हा डबा लपवून कोण खात होतं ते सगळ्यांना दिसलं. नावं लिहीत नाही, मंडळी हा अंक वाचणार आहेत.

मग सर माझ्या सफारीवर आले. हाच शब्द अरब व्यापाऱ्यांच्या जहाजांबरोबर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला आणि स्वाहिलीत 'सफारी' झाला, अर्थ नुसता प्रवास. डोक्यावर ओझी घेऊन महिनोन्‌महिने पायी जाणारे तांडे, ती सफारी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रिचर्ड बर्टन ह्या इंग्रज प्रवाशासारख्यांच्या लिखाणातून तो इंग्रजीत गेला, मग बंदुकवाले साहेब आले, १९०९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टच लवाजमा घेऊन तिकडे शिकारीला गेले, त्याचा एवढा गाजावाजा झाला की शब्दाला सिंह चिकटला तो चिकटलाच. त्या शिकाऱ्यांचं चार खिशांचं खाकी जॅकेट फिरत फिरत हेडसरांच्या अंगावर आलं. "म्हणजे ह्याचं उत्तर अगदीच चूक नाही," असं सर म्हणाले तेव्हा मी जो काही फुगलो!

होमवर्क दिला, सफरच्या घराण्यातले पाच शब्द. मला तीनच मिळाले, मुसाफिर, हमसफर, मुसाफिरखाना. वहीत लाल पेनाने शेरा, 'दोन बाकी'.

पुढे नोकरीनिमित्त नैरोबीला गेलो. पहिल्याच आठवड्यात साहेबांना भेटायला गेलो तर बाहेर बसलेली बाई म्हणाली, "युको सफारिनी." मला आपलं वाटलं साहेब मजेत सिंह बघत फिरतायत, नवीन माणसाला इथे ताटकळत ठेवून! साहेब मीटिंगसाठी मोंबासाला गेले होते. तिथे भाचीच्या लग्नाला जाणं पण सफारी, ऑफिसच्या कामाला जाणं पण सफारी, जीप आणि दुर्बीण लागत नाही. निघताना म्हणतात "सफारी न्जेमा", म्हणजे नीट जा, प्रवास सुखाचा होवो.

पण खरी मजा एका बस स्टँडवर. बोर्डवर 'म्साफिरी' दिसलं, प्रवासी. मी थांबूनच राहिलो, हा तर आपला मुसाफिर! नंतर ऑफिसातल्या एकाने सांगितलं की अनेकवचन 'वासाफिरी', कारण त्यांच्याकडे माणूस 'म्तू' आणि माणसं 'वातू', म्हणजे पुढचा म त्यांच्या शिस्तीतला, एकटा असला की म, अनेक झाले की वा. ते लोक अरबी शब्दांना आपल्या शिस्तीत बसवण्यात पक्के, किताबचं 'किताबू' केलं आणि अनेक पुस्तकं झाली की सरळ 'विताबू'. सरांना हे सांगितलं असतं तर त्यांनी अजून एक तास धडा बुडवला असता.

तर सर, चौथा म्साफिरी. पाचवा सफीर, म्हणजे राजदूत, तोही ह्याच धातूतला. वही कधीच रद्दीत गेली, इथेच टिक करा.