सुरत तुमच्यापासून किती लांब?

नवापूरकडच्या एका मिशन दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन आहे. ‘सिकल’, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा, आईबापांकडून येणारा सिकलसेल हा रक्ताचा आजार; हा शब्द आमच्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक. भिल्ल, पावरा, मावची, कुठल्याही पाड्यावर जा, एखादं घर निघतंच. चर्चच्या ग्रुपने नेपाळात बर्दिया जिल्ह्यातल्या थारू आदिवासींच्या वस्तीवर तपासणी शिबिर ठरवलं, तेव्हा पाळक म्हणाले, ‘ताई, तुम्ही चलाच.’ नेपाळच्या पश्चिम तराईतल्या, म्हणजे दक्षिणेकडच्या सखल पट्ट्यातल्या थारूंतही सिकलसेल आहे. पिढ्यान्‌पिढ्या मलेरियात राहिलेले लोक, तेही आणि आपणही; सिकलच्या वाहकाला मलेरिया कमी बाधतो, म्हणून तो अशाच ठिकाणी टिकला.

भुसावळहून पुष्पकने लखनौ, मग रुपईडिहाची सीमा, नेपाळगंज, तिथून जीप. निघताना एकच ताकीद होती: नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेने धर्मांतर करवायला बंदी आहे, तुरुंगवास होतो. म्हणजे पत्रकं नाहीत, मांडवात प्रार्थना नाही. काहींची तोंडं उतरली. मला बरंच वाटलं, एरवी भाषण संपेपर्यंत पेशंट उन्हात बसतात.

सिकल शोधायची सॉल्युबिलिटी टेस्ट दिसायला पोरखेळ आहे. नळीतल्या बफरमध्ये, म्हणजे टेस्टच्या द्रावणात, बोटाच्या रक्ताचा थेंब टाकायचा, पाच मिनिटं थांबायचं, मग नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळात बुडाल्या तर पॉझिटिव्ह. पण त्यातलं डायथायोनाइट नावाचं रसायन दमट हवेत बिघडतं, आणि बिघडलेल्या बफरमध्ये सगळं गाव निगेटिव्ह निघतं! म्हणून रोज सकाळी आधी कंट्रोल लावायचा, म्हणजे निकाल ठाऊक असलेलं रक्त तपासून बघायचं. निगेटिव्हला माझं रक्त, पॉझिटिव्हला आमच्यातला धडगावचा एक वाहक तरुण, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच सिकलचा दोष आलेला, स्वतः आजारी नसलेला. तो बोट पुढे करून म्हणायचा, ‘घ्या ताई, माझी हजेरी.’ बरेच शिबिरवाले कंट्रोल लावतच नाहीत, नुसता आकडा फुगवतात. शिवाय ही टेस्ट वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही, त्यासाठी एचपीएलसी, म्हणजे मशीनवरची हिमोग्लोबिनची तपासणी लागते. ते नमुने नेपाळगंजला जायचे.

तिथली महिला स्वास्थ्य स्वयंसेविका म्हणजे आपली आशाताईच. त्यांची योजना १९८८ पासूनची, आपल्या आधीची. मी तिला दिदी म्हणायचे, ती मला बहिनी. हिंदीत निभायचं. तिच्या घरी तांदळाच्या पिठाची वाफवलेली ढिकरी आणि घोंगीचं, म्हणजे गोगलगायींचं कालवण खाल्लं. जळगावची मंडळी बिस्किटांवर राहिली. आम्ही खेकडे खाणारी माणसं, आम्हाला कसली अडचण?

पहिल्याच दिवशी आमच्या चर्चच्या ग्रुपमधल्या एका भावाने माइकवरून पॉझिटिव्ह नावं पुकारायला घेतली. दिदीने माइक काढून घेतला. चिठ्ठ्या पदरात बांधल्या आणि अंधार पडल्यावर घरोघर गेली, मला सोबत घेऊन. आपल्याकडे १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंत सिकलसेल संपवायचं आहे. कोण वाहक, कोण रुग्ण ते लिहिलेली कार्डं छापली, पण ते कार्ड हातात पडलेली मुलगी सासरी काय सांगते, हे विचारायला कुणाला वेळ आहे?

शेवटच्या घरी लग्न ठरलेली मुलगी होती. एचपीएलसीत वाहक निघाली. तिला स्वतःला सहसा काही होणार नाही. नवरामुलगाही वाहक असला, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता रुग्ण मूल होण्याची. तो तपासणीला येईना. दिदीने विचारलं, तुमच्याकडे काय करतात? मी म्हटलं, बरेचदा कार्ड लपवतात.

परतल्यावर दिदीचा फोन आला. त्या नवरामुलाच्या आईला बीपी तपासायला बोलावून तिने बोटाचं रक्तही घेतलं, कशाला ते न सांगता. हे नियमात बसत नाही, आणि मी ते करायला धजले नसते. आई निगेटिव्ह. बापही निगेटिव्ह निघाला तर मुलाला तपासायची गरजच नाही. पण बाप सुरतेत वॉचमन आहे.

‘सुरत तुमच्यापासून किती लांब, बहिनी?’

नवापूरहून सकाळच्या गाडीने दुपारपर्यंत पोचता येतं. नंबर मागवून घेतलाय. त्याला काय सांगून रक्त घ्यायचं, ते अजून ठरत नाही.