तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं सगळं होऊनही विश्वास टिकतो कसा?

हे मला चर्चमधलेही विचारतात आणि ऑफिसातलेही, की वडील पॅरालिसिसने अंथरुणाला खिळलेत, पगाराचं धड नाही, तरी रविवार आला की तू उपासनेला हजर, तुला निराश नाही का गं वाटत? वाटतं की, भरपूर वाटतं. आणि त्यात कोणीतरी "विश्वासात आहेस ना, मग आनंदी राहा" म्हणालं की अजूनच डोकं फिरतं.

कारण पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, तसं नाहीचे हो. स्तोत्रसंहितेतलं ८८ वं स्तोत्र काढून बघा, सुरुवातीपासून रडगाणं आणि शेवटही अंधारातच, "पण देवाने सगळं छान केलं" वगैरे काही नाही, आणि तरी ते स्तोत्र प्रार्थनेच्या पुस्तकात राहिलंय, कोणी काढून टाकलं नाही. म्हणजे देवाशी भांडायची परवानगी आहे एवढं तरी मला त्यातून कळलं.

आणि एलीया संदेष्टा! बायबलमधल्या 'पहिले राजे' ह्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवला आणि लगेच ईजबेल राणीच्या धमकीने अरण्यात पळाला, झुडपाखाली बसून म्हणतो पुरे झालं आता, माझा जीव घे. मग देवदूत येतो आणि उपदेश करत नाही, चक्क जेवायला देतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. एलीया खातो, परत झोपतो, देवदूत परत उठवतो, परत खायला घालतो. होरेब डोंगराचा लांबचा प्रवास त्यानंतर.

आमच्याकडे ते काम भगिनी मंडळातल्या एका मावशींनी केलं. बाबांना हॉस्पिटलमधून घरी आणलं त्या आठवड्यात त्या पिठलं-भाकरीचा डबा घेऊन आल्या, मी म्हटलं मावशी आधी प्रार्थना करूया, तर म्हणाल्या, "अगोदर जेव, देव कुठं पळून चाललाय?" जेवण झाल्यावर आमची भांडीसुद्धा घासली त्यांनी, मी नको नको म्हणतेय आणि त्या तारेची घासणी शोधतायत. प्रार्थना केली, पण दोन मिनिटांची.

पंडिता रमाबाईंचं मला म्हणूनच फार वाटतं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळाच्या हालअपेष्टांत आई, वडील, बहीण गेली, पुढे भाऊ, १८८२ मध्ये नवरा. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात ह्याच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या आणि केडगावला त्यांना घर दिलं. १९२१ मध्ये मुलगी मनोरमाही गेली, तेव्हाही बायबलच्या भाषांतराचं काम सोडलं नाही. त्यांना दुःख झालं नसेल असं कोण म्हणेल, पण पोरींना रोज जेवायला तर लागणारच होतं ना.

तर माझी आशा म्हणजे साधारण अशी आहे, मनात काही वाटो न वाटो. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला हे मी मानते, ते माझ्या मूडवर अवलंबून नाही. प्रार्थना सुचत नसेल तर स्तोत्र मोठ्याने वाचते, तेही जमलं नाही तर आमच्या चर्चच्या पाळकांना फोन करून सांगते की आज तुम्हीच करा माझ्यासाठी. आणि एक, डिप्रेशनची गोळी चालू असेल तर "विश्वास वाढव" म्हणणाऱ्यांचं ऐकून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.