ह्यूज पेजेस: ४,३०० पानं एकदाची मिळाली

घरच्या ३२ जीबी मेमरीच्या लिनक्स मशीनवर मी ओपनस्ट्रीटमॅपचा (सर्वांसाठी खुला नकाशा) डेटा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये भरून नकाशे बनवतोय. शेअर्ड बफर्स, म्हणजे पोस्टग्रेसच्या सगळ्या कनेक्शनांची सामाईक मेमरी, ८ जीबी. मागच्या आठवड्यात ४० कनेक्शनं उघडी असताना मेमइन्फो (लिनक्सचा मेमरीचा हिशेब) बघितलं, तर पेजटेबल्सच्या ओळीत जवळजवळ ६०० एमबी!

कागदावर हिशेब मांडला तेव्हा उलगडा झाला. मेमरी सामाईक असली तरी तिच्या पानांच्या (मेमरीच्या ठरावीक तुकड्यांच्या) पत्त्यांची वही, म्हणजेच पेजटेबल, प्रत्येक प्रोसेस स्वतःची वेगळी ठेवते, आणि पोस्टग्रेसमध्ये दर कनेक्शन ही एक प्रोसेस असते. ८ जीबीची ४ केबीची पानं होतात २०,९७,१५२. दर पानामागे ८ बाइट, म्हणजे एकेका कनेक्शनची वही १६ एमबीपर्यंत फुगते. तेच २ एमबीचं पान, म्हणजे ह्यूज पेज, घेतलं की नोंदी उरतात ४,०९६ आणि वही ३२ केबीत मावते.

ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस (लिनक्सने आपणहून मोठी पानं वापरायची सोय) चालू होते, म्हणून मी निवांत होतो. पण सामाईक मेमरीसाठी शेममेम_एनेबल्ड हे वेगळं बटण आहे आणि ते माझ्याकडे ‘नेव्हर’वर होतं. जुन्या लेखांतला शेममॅक्स (जुन्या पद्धतीच्या सामाईक मेमरीच्या तुकड्याची कमाल मर्यादा) वाढवायचा सल्लाही इथे कामाचा नाही, पोस्टग्रेस ९.३ पासून मोठा तुकडा एममॅप या दुसऱ्या मार्गाने घेतं.

नेमकी किती पानं लागतील हे पोस्टग्रेस १५ पासून तेच सांगतं: सर्व्हर बंद करून ‘पोस्टग्रेस -सी शेअर्ड_मेमरी_साइज_इन_ह्यूज_पेजेस’. थोडी जास्त धरून मी लिनक्सकडे ४,३०० मागितली. मिळाली २,९११. मशीन अकरा दिवस चालू होतं, मोकळी मेमरी भरपूर होती, पण २ एमबीचे सलग तुकडे शिल्लक नव्हते. कॉम्पॅक्ट_मेमरीला (विखुरलेली मोकळी मेमरी सलग करायची सोय) १ दिल्यावर आकडा वाढला, तरी पुरला नाही. शेवटी एनआर_ह्यूजपेजेस (किती ह्यूज पेजेस राखायची तो आकडा) सिससीटीएलच्या, म्हणजे लिनक्सच्या सेटिंगांच्या, फाइलमध्ये लिहून रीबूट केलं, तेव्हा सगळी हाती आली.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: पोस्टग्रेसचं ह्यूज_पेजेस हे सेटिंग ‘ट्राय’वर ठेवू नका, ‘ऑन’ करा. पानं कमी पडली की ‘ट्राय’ गुपचूप ४ केबीवर उतरतं. ‘ऑन’ असलं तर सर्व्हर सुरूच होत नाही आणि चूक लगेच कळते. राखून ठेवलेली पानं इतर कामांना मिळत नाहीत, तेव्हा उगाच जास्तही मागू नका.

काल तीच ४० कनेक्शनं लावली: पेजटेबल्स ४१ एमबी. आता बूटच्या वेळी १ जीबीची पानं राखून बघतोय.